‘न्हाई’ ही चूक नाही

मी सांगलीत वाचा-उपचार करते. अर्धांगवायूनंतर बोलणं गेलेली माणसं माझ्याकडे येतात.

आज सकाळी माण तालुक्यातले धोंडिबामामा आले. ऐकून तसंच म्हणायच्या चाचणीतलं वाक्य मी वाचलं, "मी आज घरी जाणार नाही." मामा सावकाश म्हणाले, "मी आज घरला जानार न्हाई."

नियमाप्रमाणे मी तीन चुका मांडल्या. ते बघून मामांचा चेहराच पडला.

सोबत आलेल्या मामी म्हणाल्या, "आवं म्याडम, ह्ये पयल्यापासनं असंच बोलत्यात की!"

म्हणजे मामांची वाचा परत आली होती! चुका खोडून मी पूर्ण गुण दिले.

मेंदूविज्ञानातल्या पीएचडीसाठी मी वर्षभर विषय शोधत होते. दुपारी अर्ज भरला. विषय, आपल्या बोलीतली चाचणी.

तुमच्या गावात हे वाक्य कसं म्हणतात? लिहा, मला खरंच हवंय.