गुढियारीची बी.ए.

तुमसर रोड स्टेशनावर बाबांनी डब्याच्या खिडकीतून एक खाकी पाकीट आत दिलं. "तुझे कागद आहेत, जपून ठेव," म्हणाले. लग्नाला बारा दिवस झाले होते. माय फलाटावर उभी राहून मावशीला शिदोरीत काय काय भरलं ते सांगत होती, रडू येऊ नये म्हणून. शेजारी बसलेल्या माणसाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, तोवर माझं दहा वाक्यंही बोलणं झालं नव्हतं. गाडी हलली तशी बाबा दोन पावलं बरोबर चालले आणि म्हणाले, "तुझी काळजी नाही मले. तू कुठंही निभवशील."

गोंदिया गेल्यावर मी पाकीट उघडलं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका होत्या आणि त्यांच्या मागे कॉलेजचा दाखला. बी.ए. पहिल्या वर्षातून माझं नाव काढल्याचा. तारीख पाहिली तर लग्न ठरायच्याही आधीची. मला सांगितलं होतं की लग्न उरकू दे, परीक्षेला माहेरी येशील. मी माझी पुस्तकं मायच्या पेटीवर रचून, वर रुमाल झाकून आले होते. प्रकाशनं, माझ्या नवऱ्यानं, विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही. आपल्याला काय कळलंय ते समोरच्याला लगेच दाखवायचं नाही, हा धडा मी त्या डब्यात घेतला. पुढं तो मला खूप ठिकाणी कामाला आला आणि एका ठिकाणी चांगलाच महागात पडला.

तुमसरला राहिलेल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या लग्नाच्या गाडीत बसून नागपूर, भिलाई, बिलासपूर अशा गावांना गेलेल्यांनो, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमच्यातल्या निम्म्या जणींच्या पाकिटात असाच कागद होता, मला माहीत आहे.

माझं नाव का काढलं, ते मला पुढच्या दिवाळीत कळलं. माझ्या सख्ख्या भावाचं, विलासभाऊचं, बी.एड. व्हायचं होतं. दोघांचं एका वेळी झेपणार नव्हतं. बाबांचा हिशेब सरळ होता, मायनं मला तो जसाच्या तसा सांगितला. विलासला ढकलावं लागते, तू आपोआप चालतेस. म्हणजे मी हुशार होते म्हणून माझं कॉलेज गेलं. मठ्ठ असते तर कदाचित राहिलं असतं. आजपर्यंत कोणी माझी स्तुती केली की मी आधी विचार करते, आता हा माझ्याकडून काय काढून घेणार आहे.

रायपुरात आम्ही गुढियारीत उतरलो ते तिथलेच झालो. प्रकाश रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका फाटका बारदाना शिवायच्या. बारदाना म्हणजे तांदळाची वापरलेली पोती. मोठा सुआ म्हणजे दाभण, सुतळी आणि दिवसभर तागाची धूळ. मीही बसले. सुरुवातीला कोणी मराठीत बोललं तर रडू यायचं, नाही बोललं तरी यायचं. छत्तीसगढी बायका "हव" म्हणायच्या तेव्हा वाटायचं माझी चेष्टा करतात. ते त्यांचं साधं "हो" आहे, हे कळायला महिना गेला. दोन वर्षांत मी शिवणं सोडून विकत घेऊ लागले. राइस मिलवाल्यांकडून पोती घ्यायची, शिवून घ्यायची, परत विकायची.

या धंद्याची एकच विद्या आहे. पोत्यांचा गठ्ठा मधून उघडायचा. विकणारा चांगली पोती वर ठेवतो, चांगली खाली ठेवतो, आणि सगळा चाळणीसारखा माल मध्ये दाबतो. मी हात घालते तो थेट मध्ये. मिलवाले मला बघितलं की कपाळाला हात लावतात. एक मुनीम तर म्हणायचा, "दीदी आ गई, अब चाय भी आधा कप ही मिलेगी." मी भांडते, तोंडानं फटकळ आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण सुतळी बांधून ज्यांनी मला फसवलं, त्यांच्यापैकी कोणी दुसऱ्यांदा फसवू शकला नाही.

मग विलासभाऊनं घर बांधलं. भाऊ तोवर शाळेत मास्तर झाला होता. वास्तूच्या जेवणाला आम्ही रायपूरहून गेलो. पाहुण्यांत त्याचे शाळेतले लोक होते. भाऊनं त्यांना माझी ओळख करून दिली, "ही माझी बहीण, रायपूरले असते. शिकली नाही, पण बोलण्यात हिच्यापुढं वकील हरते." सगळे हसले. मीही हसले, हातात जिलेबीचं ताट होतं. शिकली नाही. माझ्या जागेवर बसून शिकलेला माणूस म्हणत होता. परतीच्या गाडीत प्रकाशला म्हटलं, मला बी.ए. करायचं आहे. तो म्हणाला, "आता?" मी म्हटलं, आता. मला भाऊच्या तोंडून ते दोन शब्द परत घ्यायचे होते. दुसरं काही नको होतं, तुमच्याशी खोटं का बोलू.

पहिल्यांदा गेले ते एका खाजगी कॉलेजात. काचेच्या दारामागे टायवाला मुलगा बसला होता, त्यानं रंगीत पुस्तिका पुढं केली. मी ती मधून उघडली. फीमध्ये जिम होतं, शैक्षणिक सहल होती, ब्लेझर होता. मी म्हटलं, जिम वजा करा, पोती उचलून माझे हात ठीक आहेत. सहलही वजा करा. ब्लेझर घालून मी बारदान्यात बसणार नाही. तो म्हणाला, "दीदी, फीस फिक्स है. ये सब्जी मंडी नहीं है." मी म्हटलं, भैया, मंडीत माल तरी आधी दाखवतात.

दुसरा भेटला तो शंकर नगरात, जिन्याखालच्या ऑफिसात. ऑनलाइन डिग्री, एका वर्षात, परीक्षेची झंझट नाही. लांबच्या कुठल्याशा युनिव्हर्सिटीचं नाव घेत होता. भाव मात्र मी म्हणेन तिथं यायला तयार. तिथंच मला शंका आली. खरा माल असला की विकणारा थोडा तरी अडतो. मी विचारलं, तुमच्याकडून पास झालेले दाखवा. त्यानं चार फोटो दाखवले. मग विचारलं, नापास झालेला एखादा दाखवा, त्याच्याशी बोलायचं आहे. तो गर्वानं म्हणाला, "हमारे यहाँ कोई फेल नहीं होता." मी चप्पल घातली. ज्या गठ्ठ्यात एकही फाटकं पोतं नाही, तो गठ्ठा मी घेत नाही. नंतर कळलं, आमच्याच पाऱ्यातल्या एका पोट्ट्याला तिथली डिग्री घेऊन नोकरीच्या दारातून परत यावं लागलं.

शेवटी मुक्त विद्यापीठ सापडलं. सरकारी कॉलेजात त्यांचं अध्ययन केंद्र, रविवारी वर्ग, बाकी अभ्यास घरी. फी इतकी कमी की मी दोनदा विचारलं, यात काय नाही ते सांगा. खिडकीतला बाबू म्हणाला, "इसमें आपकी जगह पढ़ने वाला नहीं है, पढ़ना आपको ही पड़ेगा." हा माणूस मला आवडला. फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता काही घेतलं, कारण मोबाइलच्या पडद्याशी भाव करता येत नाही.

पहिल्या वर्षी मी पाच विषयांपैकी तीन विषयांत नापास झाले.

मला सगळं येत होतं. दुपारी मालाच्या गाड्या यायच्या आधी पोत्यांवर बसून मी पुस्तकं वाचून काढली होती. हिंदीतून लिहायचं होतं, तेही जमत होतं. चूक कुठं झाली ते मला समजेना. वर्गावर मोघे बाई यायच्या. चौबे कॉलोनीत राहणाऱ्या, निवृत्त प्राध्यापक. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळापासून इथं, तरी मराठी अशी स्वच्छ की माझी मला लाज वाटायची. त्यांनी मला समोर बसवून नापास झालेल्या पेपरातला एक प्रश्न लिहायला लावला. मी चार ओळी लिहून वही दिली. मग त्यांनी तोच प्रश्न तोंडी विचारला आणि खोदत गेल्या. मी अर्धा तास बोलले.

"हे सगळं तुम्हाला येत होतं," बाई म्हणाल्या. "मग लिहिलं का नाही?"

"एकदम सगळंच सांगून टाकलं तर आपल्या हातात काय राहते, बाई?"

बाई चष्मा काढून हसल्या. "अहो, परीक्षकाला तुमच्याकडून काही विकत घ्यायचं नाही. तो पुढं विचारायला येणारच नाही. जे राखून ठेवाल, ते गेलं समजा."

हसू नका. मी खरंच असं केलं होतं. धंद्यात जो आधी सगळं बोलतो तो मार खातो. म्हणून मी प्रत्येक प्रश्नाला थोडं पुढं ठेवलं आणि बाकी राखलं. समोरचा विचारेल, मग सोडू. तीन तास मी अशी दबा धरून बसले होते. त्यानंतर मला लिहायला शिकावं लागलं. रोज एक प्रश्न, सगळं बाहेर काढेपर्यंत उठायचं नाही. सुरुवातीला अंगावरचे दागिने कोणी उतरवून घेत असल्यासारखं वाटायचं. तीन वर्षांची बी.ए. मी पाच वर्षांत केली. पण केली.

निकाल लागला तेव्हा बाबा आमच्याकडे होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन रायपुरात करून घेतलं होतं, एका डोळ्यावर पट्टी होती. माय गेल्यापासून ते तसेही गावात कमी बोलतात. मी निकाल आमच्या तुमसरच्या ग्रुपवर टाकला. भाऊनं लिहिलं, "अभिनंदन. या वयात असा छंद चांगला."

मी फोन लावला. म्हटलं, भाऊ, छंद काढ. तो म्हणाला बरं, आणि लिहिलं की बहिणीनं जिद्दीनं पदवी मिळवली. मी म्हटलं, जिद्द तुझ्याकडं ठेव, पाहुण्यांसमोर जे बोलला ते खोटं होतं असं लिही. तो म्हणाला, इतक्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसली. आणखी म्हणाला, शाळेतले लोक आहेत ग्रुपवर, बरं दिसत नाही. मी म्हटलं, ते शाळेतले लोक तेव्हाही होते. तो थोडा खाली आला, मी तसूभरही आले नाही. तासाभरानं ग्रुपवर आलं, "माझी बहीण शिकली नाही असं मी म्हणालो होतो. ते चुकीचं होतं. माझं बी.एड. व्हावं म्हणून तिचं कॉलेज बंद झालं." शेवटचं वाक्य मी मागितलं नव्हतं. ते त्यानं आपणहून घातलं. मला वाटलं होतं खूप आनंद होईल. मी फोन बाजूला ठेवला आणि चहा टाकला.

बाबा आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. मी चहा घेऊन गेले. वीस वर्षांहून जास्त काळ जे राखून ठेवलं होतं, ते आता राखून काय करायचं होतं. मी विचारलं, "बाबा, कॉलेजातून माझं नाव काढलं, तेव्हा मले एकदा विचारलं काहून नाही?"

त्यांनी उघड्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुले विचारलं असतं," ते म्हणाले, "तर तू जिंकली असती."

मी त्यांना माफ केलं असं लिहिलं तर तुम्हाला वाचायला बरं वाटेल. मी चहा दिला, डोळ्यात औषधाचे थेंब घातले, वेळेवर जेवायला वाढलं. माफ केलं नाही. पण त्या दिवसापासून मला कळलं की मी हरलेली नव्हतेच. मला खेळायलाच घेतलं नव्हतं.

यंदा आमची लेक पायल बारावी झाली. मी तिच्यासाठी शहरातलं ते काचेच्या दाराचंच कॉलेज धरून ठेवलं होतं. सहल, ब्लेझर, सगळ्यासकट. एक पैसा कमी करणार नव्हते. तिला समोर बसवलं आणि विचारलं, बेटा, काय करायचं? ती म्हणाली, मुक्त विद्यापीठातून बी.ए. करणार आणि दिवसा मोघे बाईंच्या ओळखीतल्या वकिलांच्या ऑफिसात काम शिकणार. मी भडकले. म्हटलं, मी नाइलाजानं केलं ते तू काहून करून राहिली? पोट्टी मराठी समजते, उत्तर हिंदीत देते.

"मम्मी, आपने पूछा है ना? तो अब सुनना पड़ेगा."

तीन दिवस आमचं चाललं. प्रकाश मध्ये पडला नाही, तो शहाणा आहे. मी जे जे काढलं त्याला तिच्याकडं उत्तर होतं, आणि तिनं काहीही राखून ठेवलं नाही, सगळं पहिल्याच दिवशी पुढं मांडलं होतं. तिसऱ्या दिवशी मी हरले. गुढियारीत येऊन इतकी वर्षं झाली, मिलवाल्यांनी जे कधी पाहिलं नाही ते माझ्या पोरीनं पाहिलं. सोमवारी मी तिच्याबरोबर फॉर्म भरायला गेले.

तुमसरच्या घरात माझ्यासाठी सगळं होतं, माया होती, काळजी होती. मला कोणी विचारलं तेवढं नाही. या दोन खोल्यांत विचारतात, आणि विचारल्यावर माझ्यासारखी बाईही हरते. परवा गाडीत समोरच्या बाईनं विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? इतकी वर्षं मी तुमसर सांगत आले. या वेळी रायपूर सांगितलं.