आधी रिकामं यान परत येऊ द्या

डॉ. लीला गमरे यांची आणि माझी ओळख गिरगावातल्या एका व्याख्यानमालेत झाली. ओळख झाली म्हणजे त्यांनी मला पकडलं. माझा धंदा साउंड सर्व्हिसचा. लालबागमध्ये उसन्या कर्ण्यावर सुरुवात केली आणि चार चांगल्या माणसांच्या शब्दावर वाढलो. वक्ते येतात, माइकवर टिचकी मारतात, ‘हॅलो, हॅलो’ म्हणतात आणि सुरू होतात, एवढीच मला सवय. मॅडम मात्र तासभर आधी आल्या आणि थेट माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

“हा माइक बंद पडला तर?”

“पडणार नाही मॅडम. गॅरंटी!”

“गॅरंटी नको. दुसरा माइक दाखवा.”

दाखवला.

“आणि वीज गेली तर?”

मी ऐटीत बॅटरीवर हात ठेवला.

“लावून दाखवा.”

लागते कुठली! जोडायची वायर लालबागच्या दुकानात खिळ्याला टांगलेली. मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “म्हणजे बॅटरी आहे, पण वीज गेली तर आवाज नाही. मग ही उगाच उचलून आणलीत, भाऊ.”

त्या दिवसापासून कार्यक्रमाआधी मी स्वतःच्या हातानं एकदा मेन स्विच पाडतो आणि काय होतं ते बघतो. धंद्यातले लोक मला ‘बंद-करून-बघ दत्ताराम’ म्हणतात. म्हणू देत. मोठी कामं मला त्याच नावावर मिळाली.

मॅडमच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात साउंडवाल्यानं काय लिहायचं, असं मी संपादकांना विचारलं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांची व्याख्यानं माझ्याइतकी कुणीच ऐकली नसतील, आणि तीही हेडफोन लावून. वक्ता कुठे अडखळतो, कुठे माहीत नसताना आवाज चढवतो, हे आम्हांला आधी कळतं. मॅडमचा आवाज कधी चढला नाही. माहीत नसेल तिथे त्या सरळ ‘मला माहीत नाही’ म्हणतात, आणि ते वाक्यही बाकीच्या वाक्यांच्याच पट्टीत येतं.

मॅडम नायगावच्या बीडीडी चाळीतल्या. वडील गिरणीत. शिष्यवृत्त्यांवर शिकून त्या इंजिनिअर झाल्या आणि सरकारी अंतराळ संशोधनात त्यांनी उभी नोकरी चाचणी विभागात काढली. यान उडालं की टीव्हीवर टाळ्या वाजवणारी माणसं दिसतात. त्यांत मॅडम कधी दिसल्या नाहीत, कारण त्यांचं काम टाळ्यांच्या आधी संपलेलं असे. एकदा एका झडपेवर त्यांनी सही करायचं नाकारलं. वरिष्ठ म्हणाले, “अहो बाई, इतक्या वेळा चालली की!” मॅडमनी विचारलं, “थंडीत चालली का?” थंडीत ती अडकली. हा किस्सा त्या स्वतःचा मोठेपणा म्हणून सांगत नाहीत, झडपेचा स्वभाव म्हणून सांगतात.

निवृत्तीनंतर त्यांनी नायगावच्या बुद्धविहाराच्या सभागृहात मुलांसाठी रविवारचा विज्ञानवर्ग सुरू केला. माझी मुलगी मानसी शाळेत असल्यापासून तिथे जायची. बारावीला तिच्या अभ्यासाचा प्रश्न आला. भोईवाड्यातली आमची खोली एक, त्यात अर्ध्या जागेत स्पीकरचे खोके. मॅडमच्या कानावर हे कसं गेलं कोण जाणे. त्यांनी दादरच्या आपल्या घराची किल्ली मानसीच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “मी असो वा नसो, टेबल तुझं. फक्त डब्यातले लाडू संपले की सांगायचं.” मानसी इंजिनिअर झाली ती त्या टेबलावर. आज ती ऑक्सिजनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे.

आता मुद्द्याचं सांगतो. मंगळावर माणसं नेण्याची तयारी करणाऱ्या एका परदेशी खाजगी कंपनीनं जगभरातून अर्ज मागवले होते. मानसीनं आम्हांला न सांगता अर्ज केला, आणि चाळण्या लागत लागत तिचं नाव शेवटच्या थोड्या लोकांत आलं. करार करून, नोकरी सोडून प्रशिक्षणाला जायचं होतं. घरात सुतक आल्यासारखं झालं. सौभाग्यवतींनी जेवण टाकलं. शेजारच्या काकू धीर द्यायला आल्या आणि म्हणाल्या, “पत्रिकेत मंगळ असला की पोरीचं लग्न अडतं ऐकलंय बाई, पण ही तर त्याच्या घरीच नांदायला निघाली!”

मी तडक दादरला गेलो. म्हटलं, “मॅडम, आग तुमच्या वर्गानं लावलीय. विझवायचीही तुम्हीच. तिला असं काही घाबरवा की पुन्हा नाव काढणार नाही.”

मॅडमनी आधी चहा दिला. मग म्हणाल्या, “खाजगी आहे म्हणून मी वाईट म्हणणार नाही, दत्ताभाऊ. उडालेलं रॉकेट पुन्हा उभं खाली उतरवू असं त्या लोकांनी सांगितलं, तेव्हा आम्ही सरकारी माणसं हसलो होतो. त्यांनी उतरवून दाखवलं. पण ते रिकामं रॉकेट होतं. माणूस म्हटला की त्याला महिनोन् महिने तीच हवा धुऊन पुन्हा द्यायची, किरणोत्सारापासून जपायचं, आणि जिथे हवा इतकी विरळ की नुसत्या हवाई छत्रीनं भागत नाही तिथे अलगद उतरवायचं. शक्य आहे का? असेल. तपासलंय का, हे मला माहीत नाही. आणि घाबरवणं हे माझं काम नाही. मी चाचणी घेते. रविवारी तुमचं सामान घेऊन या.”

रविवारी सभागृहामागच्या खोलीचा झाला मंगळ. आत मानसी, एक माइक, एक स्पीकर आणि मॅडमनी काढलेला नळ्या-झडपांचा नकाशा. बाहेर आम्ही, म्हणजे पृथ्वी. माझं काम आवाज अडवून धरण्याचं. तिकडचा शब्द इकडे दहा मिनिटांनी सोडायचा, इकडचा तिकडे दहा मिनिटांनी. “खऱ्या मंगळाचं अंतर बदलतं,” मॅडमनी मुलांना सांगितलं, “कधी याहून कमी वेळ लागतो, कधी दुप्पट. मधलं धरलंय.” मग त्यांनी मानसीला एक बंद पाकीट दिलं आणि दार लावून घेतलं.

आवाज अडवणाऱ्याला तो आधी ऐकू येतो. हेडफोनमध्ये मानसीनं पाकीट फाडलं आणि वाचलं, “केबिनमधला दाब उतरतोय.” मला तिचा श्वास ऐकू येत होता. खेळ आहे हे मला माहीत होतं. सगळी वायरिंग मीच केली होती. तरी माझा हात बटणाकडे गेला, तिला आत्ताच्या आत्ता काहीतरी सांगायला. काय सांगणार होतो, देव जाणे. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला.

“बापाचा आवाजसुद्धा दहा मिनिटांनीच पोचतो, दत्ताभाऊ.”

मानसीनं आमची वाट पाहिलीच नाही. नकाशावर एकेक झडप बंद करत, मोठ्यानं बोलत, गळती कुठल्या नळीत ते शोधलं आणि ती नळी बाकीच्यांपासून तोडून ठेवली. सभागृहात तिची पहिली हाक ऐकू आली, तेव्हा आतलं काम संपलेलं होतं. सगळं ऐकून झाल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. पोरीला घाबरवायला सामान घेऊन गेलो होतो, आणि घामानं शर्ट माझा भिजला होता.

“मुलगी पास,” मॅडम म्हणाल्या. “आता कंपनीची परीक्षा.” मग मानसीला समोर बसवून म्हणाल्या, “आमची गिरणी बंद पडली तेव्हा बाबांना सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. मालक फोनवर नाही, साहेब जागेवर नाही. पण बाबा घरी चालत आले गं. मंगळावरून चालत येता येत नाही. तुम्ही वाटेत असताना कंपनी बुडाली, तर आणायला कोण येणार? कायद्यानं जबाबदारी त्यांच्या सरकारवर येईल. पण सरकारकडे दुसरं यान तयार असेलच असं नाही. हे विचार. आणि परतीचं यान कुठे उडवून बघितलं, हेही विचार. उत्तर पटलं तर मी स्वतः तुला पोचवायला येईन.”

मानसीनं विचारलं. कंपनीचं उत्तर गोड होतं: परतीचं इंधन तिथेच तयार करण्याची योजना आहे, आणि आमचा आमच्या ध्येयावर पूर्ण विश्वास आहे. मानसीनं ते फोनवर वाचून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, “विश्वास म्हणजे तुझ्या बाबांची ती गॅरंटी. वायर कुठाय?”

‘जाऊ नकोस’ असं त्या शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत. मानसीनंच कंपनीला कळवलं, “आधी तुमचं रिकामं यान मंगळावर उतरून परत येऊ द्या. मग मी करार करते.” त्या दिवशी आमच्या घरी चूल नीट पेटली. पण माझे कान तिखट आहेत. तिनं ‘नाही’ म्हटलेलं नाही, ‘मग’ म्हटलंय, हे मी ऐकलंय. ती आता हवा शुद्ध करणारी छोटी यंत्रं तयार करते आणि दर रविवारी मॅडमना दाखवायला नेते. मॅडम ती बंद पाडून बघतात.

मॅडम, सगळे तुम्हांला शतायुषी व्हा म्हणतील. माझं मागणं थोडं स्वार्थी आहे आणि हिशेबाचं आहे. मंगळाची सोयीची वाट सव्वादोन वर्षांनी एकदा उघडते, हे तुम्हीच शिकवलंत. रिकामं यान जायचं, परत यायचं, आणि एकदा आलं म्हणून तुम्ही सही करणार नाही. ‘पुन्हा आणून दाखवा’ म्हणणार. तोवर तुमचे डोळे, कान आणि गुडघे ठणठणीत राहायला हवेत. कारण माझी लेक त्या यानात बसलीच, तर त्याच्या झडपांवर सही तुमची पाहिजे. दुसऱ्या कुणाची मला चालणार नाही.