दोर कुठं बांधला होता

बाबल तांडेलाने गायकवाड मॅडमना फसवलं. नांगर वाळूत टाकलाय असं देवाशपथ सांगितलं, आणि होडीचा दोर बुडालेल्या जहाजाच्या कठड्याला बांधला. मी त्या वेळी पाण्याखाली होतो. मी पाहिलं. बंदरावर मॅडमबद्दल जे बोललं जातं ते खोटं आहे, म्हणून त्या कोण आहेत ते सांगतो.

माझं जालना रोडला जुन्या मोटारपंपांचं दुकान आहे. हमाली करून उभं केलंय, त्यामुळे भावात हरणं मला सोसत नाही. मॅडम पहिल्यांदा आल्या त्या करमाडच्या विहिरीसाठी पंप घ्यायला. मी भाव सांगितला. त्या काहीच बोलल्या नाहीत, शांतपणे बघत बसल्या. गिऱ्हाईक भांडलं की मला जोर चढतो. या बाईंसमोर मी आपला आपणच खाली येत गेलो. शेवटी म्हणालो, "मॅडम, काहीतरी बोला की."

"बोलून दम कशाला घालवू, शेठ? तुम्ही चाललात की बरोबर."

गारखेड्यातल्या तलावावर त्या पोहायला शिकवत. स्वतः करमाडच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून शिकलेल्या. पुढं पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात बुडी मारायचं रीतसर शिक्षण घेतलं आणि दर हिवाळ्यात आमच्यासारख्या थोराड माणसांना कोकणात न्यायला लागल्या. आमच्या शहरात नळाला पाणी आलं की शेजारी एकमेकांना हाका मारून सांगतात. तिथून माणसं समुद्राच्या तळाला नेणारी ही बाई.

पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे. "वर कसं येणार?" मी शिकायला गेलो त्या पहिल्या दिवशी म्हणालो, "पोहत." त्यांनी मला काठावरच बसवून ठेवलं. "उतरायला काय, दगडबी उतरतोय. वर यायचं ठरवून उतरतो तो माणूस."

तलावात त्या आमचे डोळे बांधून सराव घ्यायच्या. पट्टे सोडायचे, टाकी उतरवायची, तोंडातली नळी मात्र दातांत घट्ट, मग पुन्हा सगळं चढवायचं. मनगट एकदा दाबलं तर थांब, दोनदा दाबलं तर ठीक. मी चिडलो, "हे आंधळ्याचं सोंग कशाला?"

"समुद्रात गाळ उठल्यावर बत्ती घेऊन कोण येणार हाय? वहिनी?"

ते जहाज जुनं, मालवाहू. लोखंड खाऊन खाऊन पत्रा पापडासारखा झालेला. मॅडम दर वर्षी त्याची विचारपूस केल्यासारखं बोलायच्या. "मागच्या साली जिना होता, औंदा गेला. लई थकलंय ते. थकलेल्याच्या खांद्याला धरून उभं राहू नाय." म्हणून त्यांचा नियम होता: आत कुणी शिरायचं नाही, आणि होडीचा नांगर जहाजापासून लांब, वाळूत टाकायचा. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या मालकाला, ते कष्टाचं वाटायचं. जहाजाला दोर बांधला की होडी जागची हलत नाही आणि निघताना नांगर ओढावा लागत नाही.

त्या सकाळी मॅडमनी त्याला दोनदा विचारलं. "वाळूतच ना, बाबलभाऊ?"

"देवाशपथ, वाळूत."

खाली मॅडम आणि मी जहाजाच्या कडेने चाललो होतो. कुरकुर ऐकू आली. पाण्याखाली आवाजाची दिशा कळत नाही. मला वाटलं माझीच टाकी वाजतेय. मॅडमनी वर बोट केलं. आमच्या डोक्यावर कठडा होता आणि कठड्याला निळा दोर. वर लाट आली की दोर ताणला जायचा आणि जहाजाची अख्खी बाजू हलायची.

मॅडमनी मला छातीत हात घालून ढकललं. पुढच्या लाटेला कठडा पत्र्यासकट उखडून खाली आला.

गंज आणि गाळ यांत काही दिसेना. मी हात फिरवत राहिलो, तेवढ्यात मनगटाला बोटं लागली. एकदा दाबलं. थांब. मी ओढायला लागलो. पुन्हा एकदा, जोरात. माझ्यासारख्या तापट माणसाला थांबण्याइतकं जड काही नाही. हाताला कळलं ते असं: टाकी पत्र्याखाली अडकलेली, आणि मॅडम एका हाताने पट्टे सोडतायत. सावकाश, तलावात सोडायच्या तसे. त्या निसटल्या, मग दोघांनी मिळून टाकी ओढून काढली. मनगट दोनदा दाबलं गेलं.

वर जातानाही वाटेत त्यांनी मला पट्ट्याला धरून थांबवलं. होडीचा तळ दिसत होता, मला सुटायचं होतं. घाईने वर आलेल्याच्या रक्तात हवेचे बुडबुडे होतात, हे त्यांनी शिकवलेलं मी विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या.

डोकं पाण्याबाहेर काढलं तर बाबल होडीच्या काठाशी दोर ओढून घेत होता. दोराच्या गाठीत कठड्याचा गंजका तुकडा अडकलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, गाठ सैल केली आणि तो तुकडा सोडून दिला. माझ्या डोळ्यांवरच्या काचेसमोरून तो खाली गेला.

वर चढून मी त्याची गचांडी धरली. तो म्हणाला, "सगळेच थंय बांधतत, शेट."

मॅडमचा उजवा हात लोंबत होता. "सोडा त्याला, शेठ. आपल्याला किनाऱ्याला त्यालाच न्यायचंय."

किनाऱ्यावर पोचल्यावर बाबलचं बोलणं बदललं. बाई शिष्याला घेऊन जहाजात शिरली, घाबरली, म्हणून पत्रा पडला. मॅडमनी खरं काय ते सांगितलं, मीही पाहिलेलं सांगितलं. बाकीचे तांडेल म्हणाले, पुरावा दाखवा. पुरावा तळाला होता. तेव्हापासून तिथली एकही होडी मॅडमना घेत नाही. जहाजाला दोर मात्र रोज बांधले जातात.

मॅडम आता काठावरून शिकवतात. हात खांद्याच्या वर जात नाही. मी म्हणतो, पुन्हा जाऊन सांगा. त्या म्हणतात, "एकदा सांगितलंय. दुसऱ्यांदा सांगून ते जास्त खरं व्हतं व्हय?"

त्या तशा आहेत, मी नाही. बाबल, तू गारखेड्याला ये. येण्याजाण्याचं मी बघतो. तलावाच्या काठावर, ज्यांना त्या अजूनही "वर कसं येणार?" विचारतात त्या सगळ्यांसमोर उभा राहा. माफी मागू नकोस, कारणं देऊ नकोस. दोर कुठं बांधला होता, तेवढं मॅडमच्या तोंडावर सांग. यात घासाघीस होणार नाही.