बेटावरची पाचवी जागा

तुम्ही पाठवलेला फोटो मी दोनदा पाहिला. समुद्रातलं बेट, नारळाची झाडं, तांबडं आभाळ. खाली लिहिलंय की सूर्यास्त नीट दिसेल अशी जागा शोधण्यात तीन संध्याकाळी गेल्या. मला याच कामाला दोन महिने लागले होते, आणि तेही बीड जिल्ह्यात. ती हकिगत तुम्हाला कधी सांगितली नाही, म्हणून आज लिहिते.

तेव्हा मी धरणाजवळच्या एका गावात हायस्कूलला इंग्रजी शिकवत होते. धरणाच्या पाण्यात एक बेट होतं. मूळची ती टेकडी, धरण झाल्यावर चारी बाजूंनी पाणी आलं. गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे एक मोठी लाकडी नाव होती. पाऊस कमी झाल्यामुळे जाळ्यात मासा लागत नव्हता, तर नावेतून लोकांना सूर्यास्त बघायला बेटावर न्यावं, अशी कल्पना चेअरमनच्या डोक्यात आली. परवाना देणारे साहेब बीडहून येणार होते. बघण्यासारख्या जागा आधी नक्की करून ठेवा, असा त्यांचा निरोप होता.

चेअरमन माझ्याकडे आले. "बाई, तुमी इंग्रजी शिकल्या. लोकाला काय बघाया आवडतं, ते तुमालाच ठावं."

मला बेटावर नेण्या-आणण्याचं काम एका जोडप्याकडे होतं. नवरा नाव वल्हवायचा, बायको पुढं बसून पाण्याखालचे खडक कुठं आहेत ते सांगायची. ती तिशीतली, बोलायला खट. दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला जायची, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परत यायची. लग्न झाल्यापासून अकरा हिवाळे तिनं कोपीत काढले होते, म्हणजे उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या झोपडीत. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "परवाना भेटला तर नावंवर आमीच ऱ्हाऊ. मुकादम रोज इचारतोय, अजून हो म्हनले न्हाई. एक हिवाळा मला माज्या घरात काढायचाय."

मग मी ते काम मन लावून केलं. गणपतीपासून दर रविवारी वही, घड्याळ आणि होकायंत्र घेऊन बेटावर जायचे. चार जागा ठरवल्या: कडुनिंबाखालची, काळ्या खडकावरची, देवळाच्या जोत्यावरची आणि पश्चिमेच्या टोकाची. प्रत्येक ठिकाणी चुन्यानं आकडा घातला, सूर्य किती वाजता कुठं बुडतो ते लिहिलं. दसऱ्याला नकाशा पूर्ण झाला. मला तो फार आवडला होता.

साहेब आले दिवाळीनंतर. मुकादमाचा ट्रक चार दिवसांनी सुटणार होता.

परतीचा पाऊसही आला नव्हता आणि दसऱ्यानंतर धरणाचं पाणी झपाट्यानं उतरलं होतं. नाव रंगवून सजवली होती, पण ती चिखलात रुतून बसलेली. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आम्ही सगळे बेटावर चालत गेलो. पश्चिमेच्या टोकासमोर पाण्याऐवजी भेगाळलेली माती होती. बाकीच्या तीन जागांवरून सूर्य दिसेचना. दोन महिन्यांत तो दक्षिणेकडे इतका सरकला होता की पलीकडच्या डोंगराआड जात होता. हे मी शाळेत मुलांना शिकवलेलं होतं. नकाशा काढताना मात्र सुचलं नाही.

साहेब सज्जन होते. नकाशाची घडी घालून माझ्या हातात देत म्हणाले, "बाई, इथं चालत येता येतं. नाव कशाला हवी?"

तेव्हा ती नाववाल्याची बायको पुढं आली. "सायेब, नदीच्या अंगाला चला. तितं पानी कदीच आटत न्हाई. थंडीत दिवस थेट नदीतच बुडतो."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमी इचारलं कुटं? तुमी घड्याळ बघत व्हत्या. मला वाटलं, सायबाला असंच लागतंय."

तिकडे चिखलातून चालता येत नव्हतं आणि नाव तर रुतलेली. तिच्या नवऱ्यानं काहील ओढत आणली. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची ती भली मोठी कढई. आमच्याकडे मासे धरायलाही तीच पाण्यात सोडतात. साहेब काठाला घट्ट धरून बसले. काहील गरागरा फिरली, तसे ते ओरडले.

"मदोमद बसा, सायेब. हालू नका," ती म्हणाली. "गूळ न्हाई व्हत तुमचा."

नदीच्या जुन्या पात्राच्या कडेला बेटाचाच एक उंच, सपाट खडक होता. तिथं आम्ही उतरलो. समोर नदीची सरळ पट्टी आणि तिच्या टोकाला सूर्य. तो पाण्याला टेकला तेव्हा पट्टी आमच्या पायापर्यंत लाल झाली. खडकावर बसून मी नकाशावर पाचवा आकडा घातला. बाकीचे चार खोडले नाहीत, पण खोडायला हवे होते.

"जागा उत्तम आहे," साहेब तिला म्हणाले. "पण कढईतून माणसं न्यायला मी परवाना देऊ शकत नाही, आणि नावेला वाट नाही. धरण भरलं की कळवा, लगेच सही करतो."

"म्हंजी यंदा न्हाई."

"यंदा नाही."

चार दिवसांनी मी ट्रकपाशी गेले. ती भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. मी काहीतरी समजुतीचं बोलू लागले, तर म्हणाली, "तुमी कावून रडकं तोंड करताव? दिवस तिकडंबी मावळतो. उसात दिसत न्हाई, इतकंच."

पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं आणि साहेबांनी शब्द पाळला. त्या हिवाळ्यात मुकादमाचा ट्रक तिला न घेता गेला. गेवराईहून, अंबाजोगाईहून लोक येऊ लागले. नवरा नाव चालवायचा, ती सगळ्यांना त्या खडकावर नेऊन बसवायची आणि सूर्य बुडायच्या आतच आपली काहील घेऊन एकटी परत फिरायची. एकदा मी तिला अडवलं. "अगं, थांब की जरा. आता बुडेलच."

"तुमी बघा, बाई. बारा थंड्या माज्या घराला कुलूप व्हतं. मला दिवा लावायचाय."

तिनं काठी रोवून काहील ढकलली. मी लोकांबरोबर खडकावर बसून राहिले.