कोणं काढलं ते दिसते

"तुले कोणं सांगतलं होतं लग्नाची पत्रिका नेटवर टाकाले?"

"नसती टाकली तर हे लोकं किन्हीराजाहून रोज चकरा मारत राह्यले असते, आई. एक नाव वर घ्या, एक खाली घ्या."

"मारू दे ना चकरा! बावीस वर्षं लोकं दुकानात बसून मले नावं सांगत आले."

"अन् मागच्या दिवाळीत तुयं मशीन बंद पडलं तवा? चार पत्रिका पुन्हा टाइप केल्या आपण. रडत होती तू."

"रडलो ना! पण कोणाचं नाव तर गायब नाई झालं!"

रिसोडच्या बसस्टँडमागे ललिताबाईचं टायपिंगचं दुकान. समोर बाकावर जगदेव बसलेले, नवरीचे वडील. त्यांच्या बाजूला धाकटा भाऊ विकास, मोबाइलमध्ये मान घालून. चारच्या एसटीनं पत्रिकेचा पेनड्राइव्ह कारंज्याच्या छापखान्यात जायचा होता. सव्वातीन झाले होते, आणि निमंत्रकांच्या यादीत प्रयागबाईचं नाव नव्हतं.

"सगळ्यात वर लिहून देल्लं होतं मी," जगदेव म्हणाले. "माया हातचा कागद हाय तुमच्यापाशी. प्रयागवहिनीनं आमाले लहानाचं मोठं केलं, ललिताबाई. दादा गेल्यावर तिनंच घर धरलं. तुमच्या हातून असं व्हावं?"

ललिताबाईचे कान तापले. ती उठली, पंखा वाढवला, परत बसली, परत उठली. तिच्या मशीनमधल्या जुन्या प्रोग्रामला नेट लागत नसे, की कोणाचा पासवर्ड. त्यात एकच हात चालायचा, तिचा. मानपानाची नावं तिला तोंडपाठ असत. कोणाची सून येऊन कानात सांगायची, 'मावशी, विधवा बाईचं नाव वर नका ठेवू.' ती ते खाली घ्यायची. कोणी सांगितलं, हे मात्र पोटातच ठेवायची. त्या पोटावरच तर दुकान चाललं होतं.

तिच्या पोरीनं, संस्कृतीनं, मात्र पत्रिकेची लिंक जगदेवांच्या घरच्या ग्रुपवर टाकून दिली. ज्याला जे बदलायचं ते त्यानं घरूनच बदलावं! दोन दिवसांत तीन काका आणि दोन मामा यादीत वर-खाली झाले होते.

"आई, यात सगळं लिहून राह्यते," संस्कृती माउस सरकवत म्हणाली. "कोणं, कवा, काय काढलं."

ललिताबाईनं पडद्याकडे पाहिलं. उजव्या बाजूला नावं होती, नावांपुढे वेळ. तिनं वाचलं आणि झटकन पडद्यासमोर आडवी उभी राहिली.

"चुकी मायीच झाली, जगदेवभाऊ. टायपिंगमध्ये राहून गेलं. आत्ता टाकतो वहिनीचं नाव, सगळ्यात वर."

"आई!"

"तू गप बस वं."

"काहून गप बसू? बावीस वर्षांत एक चूक नाई केली तू, अन् आज दुसऱ्याची अंगावर घेतं? तुयं नाव खराब झालं त चालते तुले?"

"मायं नाव मी पाहून घेतो. बंद कर ते."

जगदेव बाकावरून उठले होते. "सरका जरा, ललिताबाई."

"गाडी जाईल, भाऊ."

"जाऊ द्या गाडी."

ती सरकली नाही. जगदेवांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. काल सकाळचे अकरा बेचाळीस. 'श्रीमती प्रयागबाई' या शब्दांवर आडवी रेघ, आणि वर ज्यानं ती मारली त्याचं नाव.

ललिताबाईला वाटलं, या पोरीच्या नेटचं भलं होवो, त्याले पोटच नाई.

"विकास," जगदेव न वळता म्हणाले, "वहिनीचं नाव काहून काढलं गा तू?"

विकासनं मोबाइल खिशात घातला. बाकाखालची चप्पल पायानं चाचपून ओढली. जाता जाता त्यानं एकदा ललिताबाईकडे पाहिलं, तिनंच सांगितलं असावं तसं, आणि पायऱ्या उतरून तो स्टँडच्या गर्दीत निघून गेला.