दिगंबरकाकांचा ढग

दिगंबरकाका नोकरी करत गाड्यांचे ब्रेक तपासायची, पण अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये नवा माणूस भेटला की सांगत, "मी स्पॉटर." म्हणजे हवामान कचेरीनं एका संध्याकाळी फुकट वर्ग घेतला, त्याला बसलेला माणूस. ढग फिरताना दिसला की कचेरीला फोन करायचा. टोर्नेडोचा इशारा द्यायचा की नाही, ते कचेरी ठरवणार. काकांनी त्याचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलं, लग्नाच्या फोटोच्या वर. शरयूकाकू म्हणायच्या, "बरोबर आहे. वादळ आधी, बायको नंतर."

पण कचेरी ठरवेपर्यंत काकांना दम निघत नसे. २००२च्या सत्यनारायणाला त्यांनी साठ माणसं मालिनीमावशींच्या तळघरात, तांदळाच्या पोत्यांवर आणि रिकाम्या सुटकेसांवर, दीड तास बसवली. टोर्नेडो म्हणजे वीजघराच्या चिमणीची वाफ निघाली. पुढच्या वर्षी पिकनिकला मंडळी अर्धी भाजलेली कणसं टाकून पळाली आणि लख्ख ऊन पडलं.

मग गावातल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा विनीताताईंनी ठरावच केला: माइक दिगंबरकाकांच्या हाती देऊ नये.

"अहो ताई, कचेरीचेसुद्धा चारातले तीन इशारे वाया जातात," काका म्हणाले.

"आणि तुमचे?" ताई विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत.

"मी दोनच दिलेत!"

"म्हणजे शंभर टक्के."

तेव्हापासून काकांनी "आभाळ भरून आलंय" म्हटलं तरी लोक हसत. आपल्या शब्दावर एकदा तरी कोणी उठून उभं राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

२००४च्या मे महिन्यात, एका रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा रौप्यमहोत्सव होता. माजी अध्यक्ष प्रल्हादकाका पंचवीस वर्षांचा इतिहास सांगत होते. दुपारचे दोन वाजले तरी सत्त्याऐंशी सालच चालू होतं. जेवण भाषणानंतर. मसालेभाताचा वास तळघरातल्या कॅफेटेरियातून जिन्यानं वर येत होता, आणि वादळात आसरा घ्यायची जागाही तीच होती.

तेवढ्यात बाहेर काळोखून आलं. विनीताताई वाकत वाकत काकांच्या खुर्चीपाशी आल्या.

"काका, प्लीज, जरा बाहेर बघा ना. ढग केवढा लोंबतोय!"

"मी? ठराव आहे ना?"

"कॅन्सल केला. अनुमोदन?"

"अनुमोदन!" मागच्या तीन रांगा एका सुरात.

काका दारात गेले. पाठोपाठ चाळीस माणसं. ढग खरंच खाली आला होता, चिंध्या लोंबाव्यात तसा.

"फिरतोय, काका! शप्पथ फिरतोय!" मागच्या रांगेतली रेखा म्हणाली.

"थांब. वर्गात सांगितलंय, दोन मिनिटं नजर हलवायची नाही."

"दोन मिनिटांत उडून गेलो तर?"

"उडून कसली जातेस! पुऱ्या गार होतील म्हण."

ताईंनी माइक त्यांच्या हातात कोंबला. "काका, बोला. सगळे तुमच्या शब्दाची वाट बघतायत."

खरंच बघत होते. काका आत वळले, तर अख्खा हॉल अर्धवट उठून, पर्स काखेत मारून तयार. प्रल्हादकाकासुद्धा गप्प. काकांनी घसा साफ केला. पुन्हा केला.

"मंडळी, ढग लोंबतोय. पण फिरत नाहीये. नुसता फाटका ढग आहे. खाली जायचं कारण नाही."

"अहो काका!" ताई दातओठ खात कुजबुजल्या. "चारातले तीन वाया जातातच की! तुम्हीच म्हणायचात ना?"

"ते चुकून जातात, ताई. ठरवून नाही."

लोक धपाधप खाली बसले. "धन्यवाद, दिगंबरराव," प्रल्हादकाका गहिवरून म्हणाले, "तर सत्त्याऐंशी सालीच पुढे..."

पाऊस पडला, चार गारा पडल्या, आणि जेवण साडेतीनला मिळालं. काका ज्या टेबलाशी बसले, तिथली मंडळी ताटं उचलून दुसरीकडे गेली. शरयूकाकू श्रीखंडाची वाटी घेऊन आल्या आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"पुरती दोन मिनिटं बघितलंत?"

"अडीच."

"मग जेवा आता निवांत."