नवसाचे चणे

झाकण निघायलाच तयार नव्हतं. चमच्याच्या दांड्यानं उचकटलं तेव्हा सुक्या मिरच्यांचा ठसका नाकात गेला आणि त्यामागून चण्यांचा मातकट, कोंदलेला वास आला. आईला जाऊन पाच महिने झाले. तिच्या साड्या, चष्मा, जपमाळ, सगळं मी कोरड्या डोळ्यांनी आवरलं होतं. या पत्र्याच्या डब्यानं मात्र मला स्वयंपाकघरात खालीच बसवलं.

आमच्याकडे मे महिन्यात रस्त्याकडेच्या क्रुसापाशी लदीन होते. मेणबत्त्या लावून गायलेली प्रार्थना, आणि ती संपली की सगळ्यांना उकडलेले चणे नि ओल्या खोबऱ्याचे काप. रामनगरच्या त्या वळणावर ट्रक हळू होतात. कधी एखादा ड्रायव्हर उतरून ओंजळ पुढे करतो. नवस बोलावा तो लदिनीचा आणि चणे त्याच दिवशी वेगळे काढून ठेवावेत, ही आईची रीत. बाबा रामनगर-जोयडा जीप चालवायचे. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा आईनं हाच डबा भरला. चार महिने आम्ही बेळगावच्या दवाखान्यात हेलपाटे घातले. त्या चार महिन्यांत मी जितकी प्रार्थना केली तितकी आधीच्या सगळ्या आयुष्यात केली नसेल. पाऊस सरता सरता बाबा गेले.

मला वाटलं, डब्याचा विषय संपला. पण मे उजाडला आणि आई सूप घेऊन अंगणात बसली. चण्यांना भुंगे लागले होते. एकेक किडका दाणा ती निवडून टाकत होती. शेजारच्या काकूंना राहवलं नाही.

"देव पावला न्हाई, मग नवस फेडतीस कशाला अक्का?"

"राग हाय माझा त्येच्यावर. रोज भांडतीया मी," आई सुपातून मान वर न करता म्हणाली. "पर शेवटच्या दिसापतोर ह्येंनी मला वळखलं. माझ्या हातनं पेज प्याले. तेवढं तर दिलं न्हवं त्येनं? त्येचे आभार कोण मानणार?"

पेजेच्या चार घोटांसाठी आभार! मला ते ऐकवेना. त्या संध्याकाळी मी दार लावून घरातच बसले. लदिनीत बाबा खालचा सूर धरायचे. बाहेर क्रुसापाशी आईनं आपली ओळ म्हटली, आणि जिथं त्यांचा आवाज यायचा तिथं नुसती ट्रकांची घरघर ऐकू आली. कान झाकावेसे वाटले. थोड्या वेळानं आईनं चण्यांची वाटी उंबऱ्यावर आणून ठेवली. मी ती उचलली आणि तिच्या डोळ्यांदेखत सगळे चणे कोंबड्यांना टाकले. तिनं वाटी उचलली, धुतली, पालथी घातली. आजही मला तिचा तो पाठमोरा खांदा दिसतो आणि स्वतःची लाज वाटते. त्यानंतर सहा वर्षं मी क्रुसाकडे फिरकले नाही, आणि तिनंही कधी बोलावलं नाही.

आज डबा मांडीवर घेऊन बसलेल्या मला काकूंनी पाहिलं. म्हणाल्या, "अंथरुणाला खिळल्यावर माझ्याकडनंच नवसाचे चणे आणवले व्हते तिनं."

"बरं वाटावं म्हणून?"

"न्हाई ग. स्वतःसाठी कशाला मागंल ती? तू परत क्रुसापाशी हुभी ऱ्हावीस म्हणून."

काकू गेल्यावर मी पोटभर रडले. मरताना माणूस एकच गोष्ट मागतं, आणि तिनं ही मागितली. तीही मला न सांगता. देव पावणार की नाही, हे आता माझ्या पायांवर सोडून ती निघून गेली होती.

सूप काढलं. दाणे निवडताना मी देवाशी भांडलेच. राग काही गेलेला नाही. पण मध्येच बाबांच्या जीपचा वळणावरचा हॉर्न आठवला, पेज पाजताना आईनं फुंकर घातलेला चमचा आठवला, आणि हात थांबला. एवढं सगळं मला मिळालं होतं. त्याचे आभार मानायला घरात आता मीच उरले आहे.

चणे भिजत घातलेत. उद्या संध्याकाळी लदीन. खालचा सूर मला जमणार नाही, आईची ओळ तेवढी येते, ती म्हणेन. आणि वाटप झालं की उंबऱ्यावर बसून एक वाटी चणे खाईन, सहा वर्षं राहून गेलेली.